जेम्स वेबचे फोटो फॉरवर्ड करताय ना, मग हे पण वाचा

दर दोन-चार महिन्यांनी ग्रुपवर एक फोटो फिरतो, काळ्या आभाळावर लाल-पिवळे ठिपके, आणि खाली लिहिलेलं असतं की हा १३०० कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वाचा फोटो. त्यावर निम्मे लोक हात जोडल्याचे इमोजी टाकतात, कोणी म्हणतं आपल्या ग्रंथात हे आधीच होतं, कोणी म्हणतं कॉम्प्युटरवर बनवलंय, आणि आमच्या गल्लीतले आप्पा, ज्यांचं मी या सगळ्यांपेक्षा जास्त ऐकतो, ते सरळ विचारतात, "इतला पैसा लाईसन त्या काय दखतस रे भो तठे?" म्हणजे एवढा पैसा लावून ते तिथे बघतात तरी काय?

प्रश्न एकदम रास्त आहे. जेम्स वेब या एका अंतराळातल्या दुर्बिणीवर १० अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झालाय, तर विचारणारच माणूस. आणि उत्तर द्यायचं तर आधी हे सांगावं लागतं की ते फोटो, ज्यांच्यावर आपण लट्टू होतो, ते त्या सगळ्या कामातलं दर्शनी दुकान आहे, खरा माल आतल्या खोलीत असतो आणि तो दिसायला फार बोअर असतो, एक वाकडीतिकडी रेघ, आलेखाच्या कागदावर काढल्यासारखी. त्या रेघेपर्यंत मला तुम्हाला न्यायचंय. पण आधी थोडं मागून सुरुवात करू.

प्रकाशाला वेळ लागतो. सेकंदाला ३ लाख किलोमीटर म्हणजे आपल्या हिशोबाने अचाट वेग, पण आभाळ त्याहून अचाट मोठं आहे. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, म्हणजे आत्ता दिसतोय तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा. हिवाळ्यात मृग नक्षत्र बघा, त्यात खालच्या बाजूला निळसर पांढरा एक झगझगीत तारा असतो, राजन्य, इंग्रजीत रायगेल. तो साधारण ८६० प्रकाशवर्षं लांब आहे, म्हणजे त्याचा प्रकाश इथे पोचायला ८६० वर्षं लागतात. आता गंमत बघा, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला ११५० साली, आणि त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला, त्याची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख तिथेच सापडला. पाटणादेवीला आपण दर्शनाला जातो, धबधबा बघतो, भजी खाऊन परत येतो, शिलालेखाचं कोणाच्या लक्षातही नसतं, असो. तर मुद्दा असा की राजन्यचा जो उजेड आज रात्री तुमच्या डोळ्यात शिरेल, तो साधारण भास्कराचार्यांच्याच काळात तिथून निघालेला आहे. तेव्हापासून तो वाटेतच होता.

याच्याही लांबचं साध्या डोळ्यांनी बघायचं असेल तर जळगाव-भुसावळचे दिवे मागे टाकून पाल नाहीतर तोरणमाळ गाठा, नोव्हेंबर-डिसेंबरमधली अमावास्येच्या आजूबाजूची रात्र धरा. डोक्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा मिळून चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो, आणि उत्तरेला शर्मिष्ठेचा एम. या दोघांच्या मधे, नजर थोडी तिरकी ठेवून बघितलं की एक धुरकट पुसट डाग सापडतो. ती देवयानी गॅलक्सी, म्हणजे ताऱ्यांचा एक प्रचंड मोठा समूह. मराठीत गॅलक्सीला दीर्घिका म्हणतात, पण बोलताना कोणी म्हणत नाही म्हणून मी गॅलक्सीच लिहितो. त्या डागाचा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय, तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हताच. साध्या डोळ्यांची धाव जवळपास इथे संपते.

म्हणजे जितकं लांब बघाल तितकं जुनं दिसतं. यात जादू काही नाही, उजेड उशिरा पोचतो एवढंच. पण याच्यामुळे खगोलशास्त्रज्ञांना अशी सोय मिळाली आहे जी इतिहासवाल्यांना कधीच मिळणार नाही, त्यांना जुना काळ प्रत्यक्ष बघता येतो. विश्वाचं वय आहे सुमारे १३८० कोटी वर्षं. पुरेसं लांब बघता आलं तर विश्वाचं बालपण दिसायला पाहिजे. अडचण एवढीच की ते बालपण अतिशय मंद दिसतं, आणि मधे आपली हवा येते.

हवेचे दोन त्रास आहेत. एक, ती हलते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी हायवेवर लांबचा ट्रक थरथरताना दिसतो ना, तेच रात्रीही होतं, फक्त कमी, त्यालाच आपण तारे लुकलुकतात म्हणतो आणि त्यावर कविता करतो, दुर्बीणवाल्याला मात्र तो वैताग असतो. दुसरा त्रास मोठा आहे, हवा सगळा प्रकाश खाली येऊच देत नाही. डोळ्यांना दिसणारा प्रकाश येतो, रेडिओ लहरी येतात, पण क्ष-किरण आणि अल्ट्राव्हायोलेटचा मोठा भाग वरच अडतो आणि इन्फ्रारेडपैकी बराचसा हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साईड खाऊन टाकतात. क्ष-किरण अडतात ते आपल्यासाठी बरंच आहे म्हणा, नाहीतर आपण इथे नसतो.

म्हणून दुर्बीण वर न्यायची. २४ एप्रिल १९९० ला हबल वर गेली, २.४ मीटर व्यासाचा आरसा, जमिनीपासून पाचशे-सहाशे किलोमीटरवर. पहिले फोटो आले ते धूसर. आरशाची कड घासताना जरा जास्त सपाट झाली होती, किती, तर माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. एवढ्याने सगळ्या जगात हसं झालं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली, म्हणजे दुर्बिणीलाच चष्मा लावला म्हणा, आणि मग हबलने जे काम केलं ते अजून चालूच आहे.

हबलचं माझ्या मते सगळ्यात धाडसी काम डिसेंबर १९९५ चं. तेव्हा हबलचा कारभार बघणाऱ्या संस्थेचे डायरेक्टर होते रॉबर्ट विल्यम्स. डायरेक्टरच्या हातात दुर्बिणीचा काही वेळ स्वतःच्या मर्जीने वापरायला असतो. या माणसाने तो वेळ सप्तर्षीमधल्या अशा बारक्याशा जागेवर खर्च करायचं ठरवलं जिथे काहीच दिसत नव्हतं. दहा दिवस दुर्बीण एकाच रिकाम्या जागी लावून ठेवायची! वेळ वाया जाईल असं सांगणारे जाणकारही होते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, दुर्बिणीच्या एकेका तासासाठी जगभरातून अर्ज येतात. ३४२ फोटो काढून ते एकावर एक रचले, आणि त्या रिकाम्या जागेत जवळपास ३००० गॅलक्सी निघाल्या. जागा केवढी, तर तापीच्या वाळूचा एक कण हात लांब करून धरला की आभाळाचा जेवढा तुकडा झाकला जाईल जवळपास तेवढी. आता सगळं आभाळ डोळ्यापुढे आणा.

त्या गॅलक्सी बघताना एक लक्षात आलं, लांबच्या गॅलक्सी जवळच्यांसारख्या देखण्या नाहीत. लहान, वेड्यावाकड्या, एकमेकांवर आदळलेल्या. म्हणजे विश्व आधीपासून असंच नव्हतं, ते वाढत गेलंय, घडत गेलंय. पण हबल एका ठिकाणी येऊन अडकली. एका मर्यादेपलीकडच्या गॅलक्सी तिला दिसेनाशा होत होत्या. का, हे समजलं की जेम्स वेब का बांधली ते समजतं, म्हणून इथे जरा थांबतो.

विश्व पसरतंय हे तुम्ही ऐकलेलं असतं, पण पसरतं म्हणजे नक्की काय? आपल्याकडचे खापरावरचे मांडे घ्या. मावशी पुरण भरलेला उंडा हातावर घेते आणि या हातावरून त्या हातावर झेलत झेलत तो कोपरापर्यंत वाढवत नेते. समजा त्या उंड्यावर खसखशीचे काही दाणे चिकटवलेत. मांडा वाढतो तसा प्रत्येक दाणा बाकी सगळ्या दाण्यांपासून लांब जातो, आणि जो आधीच लांब आहे तो जास्त वेगाने लांब जातो. दाणे स्वतः चालत नाहीयेत, खालची कणीक ताणली जातेय. आता त्याच कणकेवर बोटाने एक बारीक नागमोडी रेघ ओढलेली आहे असं समजा. मांडा ताणला की ती रेघही ताणली जाते, वळणं लांब-लांब होतात. ती नागमोडी रेघ म्हणजे वाटेत असलेला प्रकाश. उदाहरण इथेच सोडा, मांड्याला कड असते आणि मध्यबिंदू असतो, विश्वाला तसलं काही सापडलेलं नाही.

प्रकाशाच्या दोन वळणांमधलं अंतर म्हणजे त्याचा रंग. अंतर कमी तर निळा, जास्त तर लाल, त्याहून जास्त तर इन्फ्रारेड, जो डोळ्याला दिसत नाही पण उष्णतेच्या रूपात जाणवतो. कोवळे तापलेले तारे भरपूर अल्ट्राव्हायोलेट फेकतात. हायड्रोजनची एक खास खूण आहे १२१.६ नॅनोमीटरवर, तिला लायमन अल्फा म्हणतात. सुरुवातीच्या विश्वातून येताना या खुणेच्या अलीकडचा, म्हणजे तिच्यापेक्षा लहान लहरींचा प्रकाश मधला हायड्रोजन गिळून टाकतो, आणि पलीकडचा येतो. प्रकाश निघाल्यापासून विश्व १५ पट ताणलं गेलं असेल, तर ती १२१.६ ची खूण आपल्यापर्यंत पोचते तेव्हा १८०० नॅनोमीटरच्या पुढे गेलेली असते. आपले डोळे साधारण ७०० ला थांबतात. हबल १७०० च्या आसपास थांबते. म्हणजे ती गॅलक्सी तिथे आहे, उजेड आपल्यापर्यंत येतोय, आपल्या अंगावर पडतोय, पण हबलच्या दृष्टीने तिथे अंधार.

मग इन्फ्रारेडची दुर्बीण बांधा, झालं! तेवढं सोपं असतं तर. अडचण अशी की ऊब असलेली प्रत्येक वस्तू इन्फ्रारेडमध्ये चमकते. आमच्या जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, सूर्य बुडून चार तास झाले तरी गच्चीवर चटई टाकून झोपवत नाही, स्लॅब खालून भाजत असतो. तो जो भाजतो तो इन्फ्रारेडच आहे, स्लॅब अंधारात चमकतोय, फक्त आपल्याला दिसत नाही. दुर्बिणीचंही तेच, तिचा आरसा कोमट असला तरी तिच्या स्वतःच्या उजेडात ती आंधळी होते. म्हणून दुर्बीण थंड पाहिजे, नुसती थंड नाही, भयंकर थंड.

जेम्स वेब २५ डिसेंबर २०२१ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून आरियान-५ रॉकेटवर गेली आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन थांबली, सूर्याच्या उलट्या बाजूला. तिथून सूर्य, पृथ्वी, चंद्र तिघंही एकाच बाजूला येतात, मग त्या बाजूला एकच छत्री धरली की काम भागतं. ही छत्री पाच पदरांची, कॅप्टॉन नावाच्या पातळ प्लॅस्टिकची, टेनिस कोर्टाएवढी. ऊन लागणारी बाजू ८५ डिग्रीच्या आसपास आणि सावलीतली बाजू उणे २३३ च्या आसपास, मधे फक्त ते पाच पापुद्रे! एका उपकरणाला तेही पुरत नाही, त्याला वेगळं यंत्र लावून उणे २६६ पर्यंत नेलंय. आरसा ६.५ मीटरचा, पण एवढा मोठा आरसा रॉकेटच्या टोपणात बसत नाही म्हणून १८ षटकोनी तुकडे, बेरिलियम धातूचे, वर सोन्याचा पातळ मुलामा कारण सोनं इन्फ्रारेड छान परत फेकतं. दुमडून नेलं, वर जाऊन उलगडलं. उलगडताना एखादी पिन अडकली असती तर दुरुस्तीला कोणी जाऊ शकलं नसतं, एवढ्या लांब माणूस पाठवायची सोयच नाही. ३४४ ठिकाणं अशी मोजलेली होती की त्यातलं एक जरी फसलं तरी सगळी मोहीम फसू शकली असती. काहीच फसलं नाही. माझ्या मते फोटोंपेक्षा जास्त टाळ्या या भागाला पडायला पाहिजेत, पण उलगडणारी छत्री कोण फॉरवर्ड करतं.

आता त्या वाकड्या रेघेकडे येऊ.

फोटोतले रंग खरे का असं लोक विचारतात. उत्तर अर्धं हो अर्धं नाही. इन्फ्रारेडला आपल्याला दिसेल असा रंगच नसतो, मग सगळ्यात लांब लहरीला लाल द्यायचा, सगळ्यात छोटीला निळा, असा क्रम लावून चित्र बनवतात. मनाने रंगवलेलं नसतं, क्रम खरा असतो, पण तुम्ही तिथे जाऊन उभे राहिलात तरी तसं दिसणार नाही. या रंगांवरून गॅलक्सी किती लांब असेल याचा अंदाज काढता येतो, आणि तो अंदाज कधीकधी सपशेल आपटतो. २०२२ मध्ये वेबच्या अगदी पहिल्या डेटात एक गॅलक्सी सापडली, सीअर्स-९३३१६, रंगांवरून वाटलं की ती बिग बँगनंतर, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीनंतर, जेमतेम २३-२५ कोटी वर्षांची, म्हणजे तोपर्यंतचा सगळ्यात मोठा विक्रम. बातम्या झाल्या. नंतर तिचा वर्णपट काढला, तर ती बिग बँगनंतर १०० कोटींहून जास्त वर्षांनंतरची निघाली. धूळ आणि तापलेल्या वायूची चमक यांनी मिळून रंग असे काही जुळवून आणले की चांगले चांगले फसले. आणि त्याच भागातली दुसरी एक गॅलक्सी, जिला तिथल्या एका शास्त्रज्ञाने आपल्या मुलीचं मेझी हे नाव दिलं होतं, ती वर्णपटात पास झाली, खरोखरच बिग बँगनंतर ३९ कोटी वर्षांच्या आसपासची.

तर वर्णपट म्हणजे, येणारा प्रकाश पसरवून प्रत्येक लहरीचा किती आला ते मोजायचं. त्याचा आलेख काढला की रेघ मिळते. रेघ एका ठिकाणी अचानक कोसळते, तो लायमनचा कडा, तो १२१.६ च्या जागी किती सरकलाय ते मोजलं की प्रकाश कधी निघाला ते कळतं. मधे मधे टोकं येतात, ती ऑक्सिजनची, हायड्रोजनची, निऑनची सही. टोक पसरट असेल तर तिथला वायू वेगाने फिरतोय, बहुतेक मधे ब्लॅकहोल बसलंय. एका रेघेतून एवढं. वेबवर यासाठी जे उपकरण आहे त्यात जवळपास अडीच लाख इवल्या खिडक्या आहेत, प्रत्येकीची रुंदी दोन-चार केसांएवढी, ज्या गॅलक्सी हव्या त्यांच्यासमोरच्या खिडक्या उघडायच्या, बाकी बंद, आणि एका वेळी शंभर-शंभर गॅलक्सींचे वर्णपट काढायचे. फोटोवरून गॅलक्सी शोधायची, वर्णपटावरून खात्री करायची, असा क्रम. म्हणून ग्रुपवर "सगळ्यात लांबची गॅलक्सी सापडली" आलं की पहिला प्रश्न विचारायचा, वर्णपट झाला का?

मग या रेघांमधून निघालं काय? सगळ्यात मोठी गोष्ट ही की सुरुवातीच्या विश्वात लोकांच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर फार उजेड पडलेला होता. २०२४ मध्ये जेड्स-जीएस-झेड१४-० या गॅलक्सीचा वर्णपट आला, प्रकाश बिग बँगनंतर सुमारे ३० कोटी वर्षांनी निघालेला. २०२५ मध्ये मॉम-झेड१४ आली, तिचा प्रकाश सुमारे २८ कोटी वर्षांनी निघालेला. नावं बघा, कुठे देवयानी शर्मिष्ठा आणि कुठे हे. पण या गॅलक्सी नुसत्या लवकरच्या नव्हत्या, चांगल्या तेजस्वी होत्या, आधीच्या गणितांनी एवढ्या लवकर एवढ्या तेजस्वी गॅलक्सी इतक्या संख्येने धरलेल्याच नव्हत्या. आणि मग चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५००० मीटर उंचीवर जी अल्मा नावाची जमिनीवरची दुर्बीण आहे, तिने त्या जेड्सवालीत ऑक्सिजन पकडला. हे ऐकायला साधं वाटतं पण बघा, बिग बँगमधून हायड्रोजन आणि हेलियम आणि चिमूटभर लिथियम निघालं, ऑक्सिजन नव्हता. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात शिजतो आणि तारा फुटला की बाहेर येतो. म्हणजे ३० कोटी वर्षांच्या विश्वात ताऱ्यांची एक पिढी जन्मून, जळून, मरूनही गेली होती.

यावरूनच २०२२ पासून ती प्रसिद्ध पोस्ट फिरते, "जेम्स वेबने बिग बँग खोटा ठरवला." नाही ठरवला. बिग बँगचे पुरावे वेगळे आहेत, विश्वाचं पसरणं, हायड्रोजन-हेलियमचं प्रमाण, आणि सगळ्या दिशांनी येणारी ती मंद मायक्रोवेव्ह ऊब, जी कोबे, डब्ल्यूमॅप आणि २००९ साली सोडलेल्या प्लँक या उपग्रहांनी बारकाईने मोजली. ते सगळं जागच्या जागी आहे. डळमळलंय ते गॅलक्सी कशा आणि किती वेगाने बनतात याचं गणित. तारे सलग न बनता अधूनमधून झपाट्याने बनत असतील, धूळ कमी असेल, मोठे तारे जास्त प्रमाणात बनत असतील, असे तीन-चार मार्ग सांगितले जातात आणि त्यावर भांडणं चालू आहेत. शास्त्रात भांडण चालू आहे याचा अर्थ सगळं पडलं असा काढणारे लोक आपल्याकडे फार.

खरं कोडं हवं असेल तर लिटल रेड डॉट्स घ्या, छोटे लाल ठिपके. वेबच्या फोटोंत शेकड्यांनी सापडले, लाल, अतिशय आटोपशीर, बिग बँगनंतरच्या पहिल्या दीडशे कोटी वर्षांतच जास्त करून दिसणारे, पुढे कमी होत जाणारे. वर्णपटातली टोकं पसरट, म्हणजे ब्लॅकहोलचा संशय. पण वाढत्या ब्लॅकहोलमधून क्ष-किरण यायला पाहिजेत, ते बहुतेकांतून येत नाहीत. दाट वायूच्या गोधडीत गुंडाळलेलं ब्लॅकहोल असावं ही कल्पना सध्या जोरात आहे. निकाल लागलेला नाही.

क्ष-किरणांवरून चंद्रा आठवली. १९९९ मध्ये गेलेली नासाची क्ष-किरण दुर्बीण, नाव आपल्या सुब्रमण्यन चंद्रशेखर यांच्यावरून. वेब आणि चंद्रा या दोघींनी मिळून २०२३ मध्ये यूएचझेड१ नावाच्या गॅलक्सीत बिग बँगनंतर ४७ कोटी वर्षांतलं ब्लॅकहोल पकडलं, १ ते १० कोटी सूर्यांएवढं, म्हणजे जवळपास त्या गॅलक्सीतल्या सगळ्या ताऱ्यांच्या बरोबरीचं. आजच्या गॅलक्सींत मधलं ब्लॅकहोल ताऱ्यांच्या मानाने किरकोळ असतं. एवढं मोठं एवढ्या लवकर कसं, तर बहुतेक ते एखाद्या मेलेल्या ताऱ्यापासून वाढलं नसून वायूचा प्रचंड ढगच थेट कोसळून बनलं. येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन यांनी अशी गॅलक्सी कशी दिसेल ते काही वर्षं आधीच गणिताने मांडून ठेवलं होतं.

ही यूएचझेड१ दिसली कशी त्यातही गंमत आहे. तिच्या आणि आपल्या मधे एबेल २७४४ नावाचा गॅलक्सींचा मोठा घोळका आहे. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतानुसार वस्तुमान प्रकाशाची वाट वाकवतं, त्यामुळे एवढा मोठा घोळका मागच्या वस्तूंसाठी फुकटात भिंग होऊन बसतो. याच फुकटच्या भिंगाची मदत घेऊन पुण्याच्या एनसीआरए या खगोल संशोधन संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी त्याच एबेल २७४४ च्या दिशेला, वेबच्याच डेटात, अलकनंदा नावाची गॅलक्सी शोधली, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बातमी आली. विश्व १५० कोटी वर्षांचं असतानाची, आणि तरीही आपल्या आकाशगंगेसारखी व्यवस्थित दोन हातांची चक्राकार, साधारण ३०,००० प्रकाशवर्षं पसरलेली. हबलच्या काळात समजूत होती की एवढ्या सुरुवातीला सगळा गोंधळच असणार, असं नीटनेटकं चक्र बनायला काही अब्ज वर्षं जातात. हिने ते ऐकलेलं दिसत नाही.

आणि पुण्याचं निघालंच तर आपल्या इस्रोची अ‍ॅस्ट्रोसॅट पण सांगतो, २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेली. वेबच्या मानाने छोटी, पण तिच्याकडे अल्ट्राव्हायोलेट बघायची सोय आहे. २०२० मध्ये पुण्यातल्याच आयुका या खगोल संशोधन संस्थेतल्या कनक साहा यांच्या टीमने तिच्यावरून एक गॅलक्सी पकडली, एयूडीएफएस०१, जिचा प्रकाश ९३० कोटी वर्षं चालून आलाय आणि जिच्यातून अतिशय ताकदीचं अल्ट्राव्हायोलेट बाहेर निसटतंय. त्याचं महत्त्व असं की सुरुवातीचं विश्व हायड्रोजनच्या धुक्याने भरलेलं होतं आणि पहिल्या १०० कोटी वर्षांत ते धुकं कोणीतरी फाडलं. कोवळ्या ताऱ्यांच्या अल्ट्राव्हायोलेटने फाडलं असं मानतात, पण ते गॅलक्सीतून बाहेर निसटतं कसं हाच प्रश्न होता, आणि जवळच्या काळात असं निसटताना प्रत्यक्ष दिसणं कामाचं ठरलं.

एक शंका बऱ्याच जणांना येते, ती इथेच मिटवतो. विश्व १३८० कोटी वर्षांचं, मग ती जेड्सवाली गॅलक्सी ३३००-३४०० कोटी प्रकाशवर्षं लांब कशी म्हणतात? कारण प्रकाश १३५० कोटी वर्षं चालत होता तेव्हा मागची आणि पुढची वाटही ताणली जात होती. तो आकडा आज ती जिथे असेल तिथला आहे. बातमीत कधी हा आकडा येतो कधी तो, आणि पत्रकार दोन्हींची खिचडी करतात.

याच्या मागे किती जाता येईल? वेबच्या पल्ल्यात पहिले तारे, म्हणजे ज्यात हायड्रोजन-हेलियमशिवाय काही नव्हतं असे, यायला हरकत नाही, काही दावेदार आहेत, पण निर्विवाद अजून कोणी नाही. त्याच्याही मागे, बिग बँगनंतर ३ लाख ८० हजार वर्षांपाशी, भिंत आहे. त्याआधीचं विश्व एवढं तापलेलं होतं की प्रकाश मोकळा फिरूच शकत नव्हता. कितीही मोठी दुर्बीण बांधली तरी प्रकाशाने त्या भिंतीपलीकडे दिसणार नाही.

आप्पांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले ठीक आहे, पण हे आपल्या पोरांना करता येतं का. येतं. हबल आणि वेबचा डेटा मास्ट नावाच्या साठ्यात ठेवलेला असतो, काही निरीक्षणं वर्षभर राखीव असतात, मोठ्या सर्व्हेंचा बराचसा डेटा लगेच खुला होतो, पैसे लागत नाहीत. फाईल फिट्स नावाच्या प्रकारात येते, ती उघडायला डीएस९ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर आणखी चांगलं. फक्त फाईली फार जड असतात, मोबाईलवर नाद करू नका, कॉलेजच्या लॅबमधलं नेट पकडा, आणि पहिल्यांदा उघडल्यावर स्क्रीन नुसती काळी दिसेल, डीएस९ मधला स्केलचा मेनू लॉगवर टाका, मग ठिपके दिसायला लागतात.